दोन सीटची गाडी

गाडी विकायला काढलेल्या रणधीर घोरपडेने मोठ्या अदबीने तिचं उजवीकडचं दार उघडून धरलं, "बसा मास्तर," म्हणाला, आणि आमचे अण्णा गाडीच्या नाकावरून वळसा घालून डावीकडे गेले आणि तिकडचं दार उघडून आत बसले.

"मास्तर, स्टेअरिंग इकडं हाय," रणधीर म्हणाला.

"दिसतंय की मला," अण्णा म्हणाले. सीटवर पुढेमागे सरकून त्यांनी पाठ टेकून बघितली, पाय लांब केले, आणि मग उतरले. उतरताना दाराला धरून कण्हतच उठावं लागलं, कारण त्या गाडीचं पोट जमिनीला टेकायचं तेवढं बाकी होतं. उतरले आणि पुन्हा बसले. पुन्हा उतरले.

"गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमंल का हो हे?" त्यांनी विचारलं.

"तुमचे दुखतात का?"

"माझे? माझे लोखंडाचे आहेत," अण्णा म्हणाले आणि तिसऱ्यांदा बसले.

कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या त्या बंगल्याच्या पोर्चमध्ये मी खाली मान घालून उभी होते. परक्याच्या दारात बापाने असलं काही चालवलं की मुलीने जमिनीवरच्या फरश्या बघाव्यात, दुसरं काय करणार? गाडी मात्र देखणी होती. हळदीसारखी पिवळीधमक, जर्मन बनावटीची, वर कापडाचं छत, बटण दाबलं की घडी होऊन मागे जाणारं. कंपनीचं नाव अण्णांना शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही, म्हणून मीही ते सांगत नाही. "दोनशेच्या वर घोडी हायत आत," रणधीर अभिमानाने सांगत होता. "सहा सेकंदांत शंभर!"

"असू द्या," अण्णा म्हणाले. "ही पाठ अजून मागं जाते का?"

रणधीरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सवय आहे हो त्यांना. डावीकडे बसायची."

सवय म्हणजे कसली, जन्मच तिकडे गेला होता. अण्णा म्हणजे आदगोंडा मगदूम. जयसिंगपुरात त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि निम्म्या तालुक्याने स्टेअरिंग धरलं ते त्यांच्या देखत. शिकवायच्या गाडीत डावीकडेही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. अण्णांचे पाय कायम त्यांवर. ते एसटीत बसले तरी त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबलेला असायचा, आणि पत्रा काही दबत नाही म्हणून ते कंडक्टरकडे रागाने बघायचे.

स्वतः गाडी चालवताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. त्यांचा हिशेबच वेगळा होता. "पेट्रोल तर जळायचंच आहे, मग त्यात एखाद्याचा हात बसू दे की," असं ते म्हणायचे. त्यामुळे आमच्या घरातला प्रत्येक प्रवास हा कुणाचा तरी सराव असायचा. मिरजेच्या दवाखान्यातून मला जन्मल्यावर घरी आणलं ते एका शिकाऊ कापडवाल्याने, आणि अंकलीच्या पुलावर गाडी तीनदा बंद पडली, असं आई सांगते. बाहुबलीच्या डोंगराला जायचं तर शिकाऊ. मामाच्या गावाला जायचं तर शिकाऊ. माझ्या पाठवणीच्या गाडीलासुद्धा मागे लाल रंगातला 'एल' होता. सासरच्या मंडळींनी तो झेंडूच्या माळेखाली झाकला. स्टेअरिंगवर शिकाऊ, त्याच्या शेजारी अण्णा आणि मागे आम्ही, असाच आमचा संसार चालला.

त्या वर्षी अण्णांनी स्कूल विकलं. पाय थकले म्हणाले. दोन गाड्या, स्टेशन रोडवरचा गाळा, नाव, सगळं एका जुन्या विद्यार्थ्याला दिलं. आईने सुटकेचा श्वास टाकला. पैसे पोस्टात ठेवायचे, व्याजावर दोघांनी सुखाने खायचं, असं तिचं ठरलेलं होतं. आणि एका रविवारी मी माहेरी गेलेली असताना, ताटात आमटी वाढून घेता घेता, अण्णांनी मोबाइलवरचा एक फोटो आमच्यासमोर धरला.

"ही घ्यायची म्हणतो," ते म्हणाले.

आईने चष्मा लावून बघितलं. "ही गाडी आहे का खेळणं? दारं किती हिला?"

"दोन."

"आणि बसायला?"

"दोनच सीट."

आईने चष्मा काढला आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले तर ओट्याशी उभी राहून स्वच्छ असलेलं पातेलं घासत होती.

"म्हातारचळ लागलाय तुझ्या अण्णाला," ती म्हणाली. "दोनच सीट! एक यांची आणि एक शिकाऊ पोराची. इतकी वर्षं मागं तरी बसत होतो मी. आता मागं बसायला पण जागा ठेवली नाही. मी काय डिकीत बसून जाऊ?"

आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, 'मी बसतो', 'मी जातो'. पण तिचा तो सूर नेहमीचा नव्हता. बोलता बोलता तिने पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, पैशापायी.

"पद्मे, तू जा यांच्याबरोबर कोल्हापूरला," ती म्हणाली. "तू इन्शुरन्समध्ये आहेस नव्हं? खोडी काढ. मोडता घाल. कसं पण कर, ती गाडी माझ्या दारात येऊ देऊ नको."

मी शब्द दिला. अपघाताच्या गाड्यांचे दावे तपासायचं माझं काम. गाडीतल्या खोडी काढायचाच पगार मिळतो मला. शिवाय मलाही आईचंच पटत होतं. आयुष्यभर दात कोरून जमवलेलं, ते साठीच्या पुढे असं उधळायचं? आणि आईला रडवून?

तर त्यासाठी मी त्या पोर्चमध्ये उभी होते.

आधी रणधीर गाडी चालवणार आणि अण्णा शेजारी बसणार, असं ठरलं. दोघे भुर्रकन गेले आणि भुर्रकन आले. रणधीर हसत उतरला. "ताई, शंभरला टाकली तर मास्तर पायानं गाडीचं बूड खोदायला लागले की ओ! आणि प्रत्येक वळणाला मला म्हणतात, हॉर्न दे."

मग अण्णा उजवीकडे बसले. आरसे नीट केले. सीट पुढे घेतली. पट्टा लावला, रणधीरलाही लावायला लावला. फाटकातून बाहेर पडताना उजवा हात खिडकीबाहेर काढून रीतसर इशारा केला. गेले ते गेलेच. तेवढ्या वेळात माणूस पन्हाळ्याला जाऊन गरम भजी खाऊन परत आला असता.

परत आल्यावर रणधीर हसत नव्हता. "ताई," तो हळूच म्हणाला, "चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही त्यांनी. शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपल्यागत झालंय. मास्तरांना ही गाडी पाहिजे कशाला?"

"तेच मलाही कळत नाही," मी म्हटलं, आणि बाह्या सरसावल्या.

रणधीर चौदा लाख म्हणत होता. अण्णांजवळ होते नऊ, आणि त्याच्या वर एक रुपया नाही हे त्यांनी एसटीतच मला बजावलं होतं. पाच लाखांची दरी. मला वाटलं, माझं काम सोपं आहे. दोनचार खोडी काढल्या की रणधीर चिडेल, 'नाही परवडत तर राहू द्या' म्हणेल आणि आम्ही तिसऱ्या प्रहरी घरी.

मी टायरशी वाकले. "टायर मूळचेच आहेत. रबर तडकलंय. चारही बदलावे लागतील, आणि हे काय नाक्यावर मिळणारे टायर नव्हेत."

रणधीरने मान खाजवली. "बरोबर आहे. तेरा द्या."

हे काही मी धरून चालले नव्हते. मी छत वर-खाली करायला लावलं. मागच्या काचेजवळ कापडाची शिवण उसवली होती. "पावसाचं पाणी आत येणार. आलेलंच आहे. गालिच्याला वास मारतोय बघा."

"साडेबारा."

"दोन वर्षं सर्व्हिसिंग झालेलं नाही."

"घरात गडबड होती ओ ताई. बारा."

मी खोड काढावी आणि त्याने खाली उतरावं. माझ्या कपाळावर घाम यायला लागला. मी मोडता घालायला आले होते आणि हा शहाणा माझ्या प्रत्येक मोडत्याची पायरी करून खाली येत होता. एसी, बॅटरी, मुंबईहून मागवावे लागणारे सुटे भाग, सगळं झालं. रणधीर अकरावर आला, मग साडेदहावर. आणि अण्णा? अण्णा पोर्चच्या कठड्यावर बसून, जावळ काढलेल्या नातवाकडे बघावं तशा कौतुकाने माझ्याकडे बघत होते.

"माझी पोरगी," ते रणधीरला म्हणाले. "बोट ठेवंल तिथं खोड निघतीय."

एक खोड मात्र मी राखून ठेवली होती. बॉनेट आणि पुढच्या पत्र्यामधली फट एका बाजूला सुईएवढी आणि दुसऱ्या बाजूला करंगळीएवढी होती. गाडी कधीतरी पुढून ठोकलेली होती आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख नव्हता. हे अण्णांच्या देखत मोठ्याने म्हटलं की खेळ खलास. ठोकलेल्या गाडीला अण्णा हात लावत नाहीत, तो त्यांचा नेम होता. अपशकुन मानायचे. मी तोंड उघडणार, एवढ्यात घरातून "अहो, जरा येता का?" अशी हाक आली. रणधीरची बायको दारात आली होती. दिवस भरत आलेले, एक हात कमरेवर.

"आलो," म्हणून रणधीर आत गेला. जाता जाता म्हणाला, "हिच्यापायीच विकायला लागली ओ मास्तर. आता घरात तिसरं माणूस येणार. दोन सीटमध्ये कसं भागवायचं?"

आम्ही दोघेच उरलो. मला वाटलं, आधी शेवटचं एकदा समजावून बघावं, उगाच माणसाचं मन का मोडा. मी अण्णांशेजारी कठड्यावर बसले.

"अण्णा, तुम्हाला वेगाची हौस आहे म्हणावं, तर तुम्ही चाळीसच्या वर जात नाही. मग एवढे पैसे कशाला? याच्या निम्म्यात चांगली चार दारांची गाडी येते. एसी, पॉवर स्टेअरिंग, सगळं असतं."

"चार दारांची नको."

"का?"

"तिला मागची सीट असती."

मला काही उमगलं नाही. अण्णा गाडीकडे बघत होते.

"पद्मे, आमच्या लग्नाला किती वर्षं झाली? तेवढी वर्षं तुझी आई मागं बसली. मी पुढं, शिकाऊ पुढं, ही मागं. डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. मला कधी ते दिसलंच नाही. आरसा शिकाऊकडं वळवलेला असतोय नव्हं. मला रस्ता दिसायचा आणि त्याचे हात दिसायचे."

"मग आता बसवा की पुढे. साध्या गाडीतही बसता येतं."

"बसवून बघितलं." ते जरा हसले. "स्कूल विकल्यावर शेजारच्या नेमगोंडाची गाडी मागून घेतली होती, कुंभोजच्या लग्नाला. मी स्वतः चालवणार होतो. पुढचं दार उघडून उभा राहिलो. ही आली आणि सरळ मागचं दार उघडून बसली. म्हटलं, पुढं ये. तर म्हणाली, पुढं माझा भाऊ बसंल, बरं दिसत नाही. आणि बसला की तो! येताना तुझा नवरा होता. जावई मागं आणि सासू पुढं, असं कुठं असतंय का? पुढची सीट मानाची. त्या सीटला कोण ना कोण मानाचं माणूस निघतंयच. भाऊ निघतोय, जावई निघतोय, व्याही निघतोय. कोण नसलं तर ही तिथं पिशवी ठेवती, पण स्वतः बसत नाही."

मग सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "ज्या गाडीला मागची सीट हाय, त्या गाडीत तुझी आई मागंच बसणार. म्हणून मी मोबाइलवर हुडकत बसलो, मागची सीट नसलेली गाडी कुठं मिळती. तर असली गाडी म्हणजे ही असलीच असती. घोडी-बिडी सगळं त्याच्याबरोबर येतंय, त्याला मी काय करू?"

मी त्या डावीकडच्या दाराकडे बघितलं. ते तीन वेळा बसणं-उठणं, ती मागे जाणारी पाठ, ते आईचे दुखरे गुडघे. आणि आम्ही सगळे समजत होतो, म्हातारा सवयीने डावीकडे जातोय. घरी आई समजत होती की दोन सीट म्हणजे तिची जागाच गेली. तिला एवढंही सुचलं नव्हतं की दुसरी सीट तिची असू शकते. मलाही सुचलं नव्हतं. पोटची पोर मी.

"आईला सांगितलंत का हे?"

"सांगितलं तर येईल का ती? म्हणेल, लोक हसतील. तू पण सांगायचं नाहीस." मग हळूच म्हणाले, "तिनं तुला मोडायला धाडलंय हे मला ठाऊक आहे. म्हणून तर आणलं तुला. खोडी काढल्याशिवाय का गाडी माझ्या नऊ लाखांत बसणार होती?"

तेवढ्यात रणधीर बाहेर आला. मी उठले, पदर खोचला आणि त्याला म्हटलं, "जरा इकडे या हो." गाडीच्या पुढच्या बाजूला, अण्णांना ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर त्याला नेलं आणि त्या फटीत करंगळी घालून दाखवली.

त्याचा चेहरा उतरला. "ताई, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं. मी पण जुनीच घेतली होती. त्या आधीच्या मालकानं..."

"माझा विश्वास आहे," मी म्हटलं. विश्वास होता की नाही देव जाणे. मी गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून खालून बघितलं. सांगाड्याला धक्का नव्हता. पत्रा तेवढा बदलून बसवला होता, तोही आळशी माणसाने. गाडी सुरक्षित होती, एवढी माझ्या धंद्याची लाज मी राखली. "पण हे त्यांच्या कानावर गेलं तर ते उठून चालायला लागतील. मग तुम्ही पुढचं गिऱ्हाईक शोधा, आणि पुढच्या गिऱ्हाइकाबरोबर इन्शुरन्सवाली येणार नाही असं समजू नका."

रणधीरने एकदा घराच्या दाराकडे बघितलं, एकदा अण्णांकडे. "किती म्हणता?"

"नऊ. आणि डाव्या सीटची पाठ आणखी मागे जाईल असं आत्ताच्या आत्ता करून द्यायचं."

"ताई, तुम्ही मोडायला आला होता का जुळवायला?"

"ते मलाही आत्ताच कळलंय," मी म्हटलं.

पेढे आले, चेक झाला, कागदांवर सह्या झाल्या. रणधीरने घरातून हत्यारांची पेटी आणून सीटच्या खाली हात घालून काहीतरी सैल केलं. मी सहज डावीकडचं दार उघडायला गेले तर अण्णा एकदम पुढे आले.

"तू नको," ते म्हणाले. आणि मग ओशाळून, "म्हणजे, तू एसटीनं ये की गं. आज त्या सीटवर... पहिल्यांदा..."

"कळलं मला," मी म्हटलं आणि पिशवी उचलून स्टँडकडे चालायला लागले. लेकीला वाईट वाटायला हवं होतं. मला खरंच वाटलं नाही.

अतिग्र्याच्या पुढे आमच्या एसटीने एका पिवळ्या गाडीला मागे टाकलं. ती रस्त्याच्या कडेने, चाळीसच्या चालीने, अगदी नियमात चालली होती. मागे वाहनांची रांग, आणि उजव्या खिडकीतून बाहेर आलेला एक हात सगळ्यांना सावकाश पुढे जायची खूण करत होता. एसटीतले लोक खिडकीशी गोळा होऊन हसायला लागले. "हौसेला मोल नाही बघा," शेजारची बाई म्हणाली. मी म्हटलं, "माझे वडील आहेत ते." ती आपल्या पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

मी आधी पोचले. आई दारातच होती.

"मोडलं का?"

मी मान हलवली. नाही.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती आत गेली आणि थोड्या वेळाने ताम्हणात हळदकुंकू, निरांजन, नारळ, लिंबू, सगळं मांडून घेऊन आली. "राग माणसावर आहे," ती म्हणाली. "नवं वाहन दारात येतंय, त्यानं काय केलंय माझं?"

गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. वळणावर हॉर्न द्यायचाच, हा अण्णांचा धडा. गाडी आली, दारासमोर अलगद उभी राहिली. शेजारपाजारचे गॅलऱ्यांत आले. आईने तोंड घट्ट मिटून गाडीच्या नाकावर स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं. नारळ मी फोडला. अण्णा खाली उतरलेच नाहीत. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून, पहिल्या दिवशीच्या शिकाऊसारखे ताठ बसून राहिले होते. मग ते वाकले आणि त्यांनी आतून डावीकडचं दार ढकलून उघडलं.

"ये," ते म्हणाले.

आईने मागे बघितलं. तिला वाटलं, मला बोलावताहेत. "पद्मे, तुला बोलवतात. बस."

"मला नाही," मी म्हटलं.

"मग कोण बसणार आहे?"

आईने ताम्हण माझ्या हातात दिलं. पदर सारखा करत ती दोन पावलं पुढे गेली, आणि उघड्या दाराला वळसा घालून पुढे गेली. तिचा हात गाडीच्या कडेवरून मागे मागे सरकला, मागच्या दाराची कडी शोधत. तिथे नुसता गुळगुळीत पत्रा होता. तिने तो दोनदा चाचपला. मग तिने वळून अण्णांकडे बघितलं. अण्णा तिच्याकडेच बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्या दोघांनी एकमेकांकडे इतका वेळ बघितलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. वरच्या गॅलरीतून कुणीतरी खोकलं. आईने ऐकलं नाही.

"लोक बघायलेत हो," ती पुटपुटली.

"बघू देत की," अण्णा म्हणाले. "पट्टा डावीकडनं ओढून घे."

ती बसली. धप्पकन बसली, कारण सीट फार खाली होती. मी दार लावलं. ती समोर बघत होती, नुसती बघत होती. समोर आमची तीच गल्ली, नेमगोंडाकाकांची सायकल, दुधाची किटली, कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब.

"अगंबाई," ती म्हणाली, "इथनं रस्ता एवढा मोठा दिसतोय होय?"

अण्णांनी आरशात बघितलं, हॉर्न दिला आणि गाडी सोडली.

दोघं दिवेलागणीला परत आले. आईच्या केसांचा पार बुचडा सुटला होता आणि गुडघ्यांमुळे तिला उठता येईना, म्हणून अण्णांनी दोन्ही हात धरून तिला बाहेर काढलं. ती हसत होती. मी विचारलं, "कुठे गेला होतात?"

"तुला काय करायचंय?" आई म्हणाली.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या संध्याकाळी ते दोघे कुठे गेले होते, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.